काकांनी स्वतः मारलेली टिक

दर पाडव्याला दुकान उघडलं की काका आधी स्वतःचा हात मोजत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. टेपचं दुसरं टोक धरायला मी लागायचो, कारण माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या बरोबर समोर आणि सकाळच्या वेळी रिकामा असा मीच.

काका दोर विकायचे. दोर, सुतळी, बैलांच्या मोरक्या, घुंगरमाळा, ताडपत्र्या. अमडापुरात बाकी सगळे दोर किलोवर द्यायला लागले तरी काका हातावरच मोजून द्यायचे. हात म्हणजे त्यांचा हात. एका पाडव्याला तो दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी भरला. मी टेप दोनदा लावली, तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडून काढून घेऊन स्वतः लावली.

"आकसलो बे मी," काका म्हणाले.

त्या दिवसापासून ते प्रत्येक हातामागे एक बोट दोर जास्त सोडू लागले. पोळ्याच्या आधी तर त्यांच्या दुकानापुढे ही गर्दी! मी कॅल्क्युलेटर घेऊन गेलो आणि त्यांना वर्षाचं नुकसान काढून दाखवलं. माझ्या मते मी मोठं उपकाराचं काम करत होतो.

काका म्हणाले, "मंग लोकाइले काय सांगू? माहा हात लहान झाला, पन भाव तोच हाये?"

मी कॅल्क्युलेटर घेऊन परत आलो. माझ्या आयुष्यात मी जेवढ्या वेळा तो रस्ता ओलांडून शहाणपण सांगायला गेलो, तेवढ्या वेळा तो तसाच वापस घेऊन आलो.

आता काका दुसरबीडला लेकीकडे असतात. दुकान बंद आहे. पण शटरकडे पाहिलं की मला अजूनही वाटतं, आतून आवाज येईल, "काऊन बे, हे वाचलं काय?"

कारण काकांना वाचायचा नाद होता. पुस्तकं नाहीत. छापलेलं काहीही. लग्नाची पत्रिका ते वरच्या गणपतीपासून खालच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचत आणि मग जेवायला जायचं की नाही ते ठरवत. सिमेंटची गोणी, अगरबत्तीचा पुडा, खोकल्याच्या औषधातली ती बारीक घडीची चिठ्ठी, काही सुटायचं नाही. एकदा मे महिन्यात मलमाची डबी घेऊन आले.

"याच्यावर लिहेल हाये, थंड जागी ठेवा. आपल्या गावात आत्ता थंड जागा कोनती?"

"काका, ते असंच लिहितात."

"असंच काऊन लिहीन कोनी? कंपनीले पत्र लिहून दे."

मी लिहून दिलं. पत्रात मी 'आपण जनतेची घोर फसवणूक करीत आहात' असं एक वाक्य टाकलं होतं. काकांनी ते खोडायला लावलं. "भांडून नाही राह्यलो बे. इचारून राह्यलो." उत्तर अर्थातच आलं नाही. काकांनी ती डबी शेवटी पाण्याच्या रांजणाखाली ठेवली.

माझं बोलणं त्यांना पसंत नव्हतं. म्हणजे मी आवडायचो, बोलणं नाही. मला साधं सांगताच येत नाही. वर थोडी कोथिंबीर भुरभुरल्याशिवाय वाक्य तोंडातून निघत नाही. मी म्हणालो, माझा साळा बुलढाण्याला कोर्टात मोठ्या पोस्टवर आहे, की काका मान न हलवता म्हणायचे, "हाये तसं सांग."

"शिपाई आहे. पण कायम आहे, काका."

"मंग हे चांगलंच हाये नं. मोठी पोस्ट कायले लावतं त्याले?"

माझ्या दुकानावर पाटी होती: 'सर्व प्रकारचे फॉर्म अचूक भरून मिळतील.' ही पाटी लावल्यावर वर्षभरातच मी एका नवरदेवाच्या विवाहनोंदणीच्या अर्जात वधूच्या रकान्यात साक्षीदाराचं नाव घातलं. साक्षीदार त्याचा मामा होता. तरी पाटी मी काढली नाही. रंगवायला पैसे दिले होते.

काकांचा दुसरा नाद म्हणजे बँक. रोज साडेअकराला अर्धं शटर ओढून, कापडी पिशवी घेऊन ते बँकेत पैसे भरायला निघत. पोळ्याच्या दिवसांत ठीक आहे. पण भर उन्हाळ्यात गल्ल्यात तीनशे रुपये असले तरी तेवढेच घेऊन जायचे. रांगेत उभं राहायचे, स्लिप भरायचे, मग पासबुक त्या छापायच्या मशीनमध्ये घालून किर्र-किर्र ऐकत थांबायचे. मी विचारलं, रोज काय जाता? म्हणाले, "छापून आलं का खरं वाटते."

तर अशा या गावात मागच्या वर्षी बँकेत एक नवे साहेब आले. फार हसतमुख. ते माझ्याच दुकानात आले, हे सांगताना अजूनही माझी मान थोडी ताठ होते. त्यांनी 'नवं व्यापारी खातं' काढलं होतं. पैसे आले की बोलून सांगणारा डबा दुकानात मिळणार, गावातल्या सगळ्या लहान दुकानदारांची खाती त्यात बदलायची. त्यांनी मला आठ-दहा कोरे फॉर्म दिले आणि म्हणाले, "बाकीच्या झेरॉक्स तुम्हीच काढा. तुमच्यावर सोपवलं."

आता माझ्यावर काही सोपवलं की माझ्यातला व्यवस्थापक जागा होतो. सदतीस दुकानदार. प्रत्येक फॉर्मवर गाव तेच, तालुका तोच, जिल्हा तोच. खाली तीन चौकोन, त्यांत बरोबरच्या खुणा करायच्या. सदतीस वेळा तेच कोण लिहीत बसेल? मी एका फॉर्मवर गाव-तालुका-जिल्हा लिहिलं, तिन्ही चौकोनांत टिक मारली आणि त्या भरलेल्या फॉर्मच्याच झेरॉक्स काढल्या. लोकांनी यायचं, नाव घालायचं, फोटो चिकटवायचा, सही करायची, वीस रुपये द्यायचे, जायचं. दोन मिनिटांत एक माणूस. मला वाटलं, जिल्ह्यात असं डोकं दुसरं नसेल.

तिसऱ्या चौकोनापुढे छापलेलं होतं: 'शुल्कपत्रक मला मिळाले, मी ते वाचले, मला समजले व मान्य आहे.' शुल्कपत्रक म्हणजे बँक कशाकशाचे पैसे कापणार त्याची यादी. ती मी पाहिली नव्हती. मागितलीही नव्हती.

तिखटाच्या चक्कीवाल्या ताई सहीला आल्या तेव्हा त्यांनी पेन हातात धरून विचारलं, "भाऊ, याच्यात काही कटकट तं नाही ना?"

"ताई, कटकट असती तं मी तुमाले सही कराले लावली असती काय?"

त्यांनी सही केली.

काका आले, फॉर्म डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हे टिक कोनाची?"

"सगळ्यांचीच, काका."

"सगळ्याइची टिक एकटा मानूस मारते काय कुठी? मले कोरा दे."

उरलेला एक कोरा फॉर्म मी दिला. तो घेऊन काका बँकेत गेले, शुल्कपत्रक मागून आणलं आणि दुकानात बसून वाचू लागले. तीन दिवस. गिऱ्हाईक आलं की यादीवर सुतळीचा गुंडा ठेवायचे, दोर मोजायचे, की पुन्हा वाचन सुरू. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पेनानं टिक मारली आणि फॉर्म स्वतःच नेऊन दिला. मी चहाच्या हॉटेलात त्यांची नक्कल करून दाखवली: चष्मा नाकावर, बोट ओळीवर. "तीन दिवस लागले हो एक टिक माराले!" लोक पोट धरून हसले. त्या हसणाऱ्यांपैकी कोणीच यादी वाचलेली नव्हती.

मग गावभर डबे बोलू लागले. महिना-दोन महिने मजेत गेले. हसतमुख साहेबांची बदली झाली. आणि मग खात्यांतून पैसे कापले जाऊ लागले. महिन्यातून चारदा फुकट, त्यापुढे रोख भरली की शुल्क. चिल्लर आणि दहा-दहाच्या नोटा मोजायचं शुल्क. शिल्लक कमी पडली की शुल्क. डब्याचं भाडं वेगळं.

सगळ्यांत जास्त मार बसला चक्कीवाल्या ताईंना. तिखट-हळद दळून नेणारे लोक देतात काय, दहाची नोट आणि नाणी. ताई पिशवीभर दहाच्या नोटा घेऊन बँकेत गेल्या की कॅशियर आधी शिंकायचा, मग मोजायचा. आता त्या मोजण्याचे पैसे कापले जायचे. कापता कापता शिल्लक इतकी खाली गेली की चक्कीच्या नव्या मोटरीचा हप्ता आला तेव्हा खात्यात बासष्ट रुपये कमी पडले. हप्ता परत गेला. परत गेला म्हणून बँकेनं दंड कापला. चिखलीच्या मोटरवाल्याचा फोन आला: अजून एक हप्ता परत आला तर मोटर उचलून नेऊ. नवऱ्यामागे ताईंनी ती चक्की एकटीनं उभी केली होती. मोटर गेली तर घरात उरणार होते दोन दगड.

त्या पासबुक घेऊन रस्त्याच्या माझ्या बाजूला आल्या नाहीत. काकांकडे गेल्या. मी माझ्या काउंटरवरून पाहत होतो. काकांनी पासबुक पहिल्या पानापासून वाचलं, मग उठले, शटर पूर्ण ओढलं आणि एकेकाचं पासबुक वाचत दुकानादुकानातून फिरले. दोन दिवस फिरत होते. तिसऱ्या दिवशी सगळे त्यांच्या दुकानापुढे जमले.

"भांडाले नाही जायचं," काका म्हणाले. "इचाराले जायचं, का हे पैसे कोनाच्या परवानगीनं कापले."

अर्ज अर्थातच मी लिहिला. 'जाहीर निषेध' असा शब्द घातला, तो काकांनी खोडला. 'तीव्र आंदोलन' घातला, तोही गेला. शेवटी अर्ज चार ओळींचा उरला आणि माझ्या जिवाला अगदी रुखरुख लागली. माझं स्वतःचं त्या बँकेत खातंही नव्हतं. पण पुढारीपणाला खातं लागत नाही. मी सगळ्यांच्या पुढे चाललो.

मॅनेजर मॅडम नव्या होत्या, नागपूरकडच्या. त्यांनी आम्हाला केबिनमध्ये घेतलं. दहा-बारा आत, बाकीचे दारात. काकांना खुर्ची दिली. अर्ज वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "शुल्कपत्रक मिळालं, वाचलं, मान्य आहे, असं तुम्ही सगळ्यांनी लिहून दिलेलं आहे."

एकच गलका झाला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. शहरी माणसापुढे मी पुस्तकी मराठी काढतो. "मॅडम, हा आरोप आम्हाला मान्य नाही! आमच्यापैकी कोणीही असं लिहून दिलेलं नाही! फॉर्म दाखवा!"

मॅडमनी बेल वाजवली. फाइल आली. त्यांनी ती टेबलावर माझ्याचकडे तोंड करून उघडली.

पहिला फॉर्म किराणावाल्याचा. तिसऱ्या चौकोनात टिक. दुसरा सायकलवाल्याचा. टिक. तिसरा ताईंचा. त्या दिवशी माझं पेन गळत होतं, त्यामुळे टिकेच्या शेपटीला चिंचोक्याएवढा एक डाग पडला होता. तो डाग किराणावाल्याच्या फॉर्मवर होता, सायकलवाल्याच्या होता, ताईंच्या होता. मी 'दाखवा' म्हणालोच कशाला?

काका उठले. त्यांनी दोन फॉर्म घेतले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला लावले. बाहेरचं ऊन कागदातून आलं. दोन खुणांची एकच खूण झाली. तिसरा फॉर्म वर लावला. तरी एकच. चिंचोकाही एकच. बाकीचे नुसते काचेकडे पाहत होते, त्यांना अजून उमगलं नव्हतं. काकांनी कागद खाली घेतले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

ते सगळ्यांना सांगू शकले असते. त्यांनी सांगितलं नाही.

मी घसा साफ केला. "मॅडम, त्याचं असं असतं की छपाईच्या प्रक्रियेमध्ये काही वेळा तांत्रिक..."

"हाये तसं सांग," काका हळूच म्हणाले. इतक्या हळू, की मला वाटतं माझ्याशिवाय कोणाला ऐकूच गेलं नसेल.

ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या पदराला तिखटाचा वास येत होता, माझ्या नाकात झणझणत होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिखटानं आलं असं मी आजवर सांगत आलोय.

"खुना मीनं केल्या," मी म्हणालो. पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेली. "एकाच फॉर्मवर केल्या, बाकीच्यावर मशीनीतून आल्या. याइनं कोनीच काही वाचलं नाही. याइले यादी दिसलीच नाही. मीनं बी नाही पाह्यली."

"भाऊ," ताई म्हणाल्या, "मीनं तुमाले इचारलं होतं."

एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडला तो किराणावाला, तोही दारातून: "अन वीस-वीस रुपये घेतले बे यानं फॉर्मचे!"

मॅडमच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं. ते दाबून त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "हे सगळं लेखी द्या."

मी लिहिलं, की छत्तीस फॉर्मांवरच्या खुणा माझ्या. 'अनवधानाने व निव्वळ जनसेवेच्या भावनेतून' असं लिहायला लागलो, तर काकांचं बोट कागदावर आलं. मी खोडलं. माझा तो जबाब म्हणजे माझ्या हातून लिहिलं गेलेलं एकमेव अचूक लिखाण आहे.

मॅडमनी तो वाचला, शेजारच्या खोलीत जाऊन वरच्या ऑफिसला फोन लावला, बराच वेळ बोलल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "झेरॉक्समधून आलेली टिक ही त्या माणसाची संमती होत नाही. ही छत्तीस खाती जुन्या प्रकारात जातील. कापलेले पैसे परत येतील, त्याला थोडे दिवस लागतील." मग ताईंकडे वळल्या. "तुमच्या हप्त्याचा दंड आणि शुल्क मात्र मी माझ्या अधिकारात आजच परत करते. मोटरवाल्याला सांगा, हप्ता उद्या पुन्हा लावा, या वेळी जाईल."

ताईंनी तिथूनच मोटरवाल्याला फोन लावला. पुढे दोन महिने ताई माझ्याशी बोलल्या नाहीत, पण चक्कीचा आवाज मला दुकानात ऐकू यायचा, आणि तो थांबला की माझा जीव वर यायचा. वीस-वीस रुपये मी सगळ्यांना घरोघर जाऊन परत केले. किराणावाल्यानं ते दोनदा मोजून घेतले.

पण केबिनमधलं अजून संपलं नव्हतं. मॅडम फॉर्म मोजत होत्या. सदतिसावा त्यांनी बाजूला काढला. निळ्या शाईची, बारीक, सरळ टिक. डाग नाही.

"काका, हा तुमचा. तुमचे तर चांगलेच पैसे गेलेत, रोज भरता ना तुम्ही." मग जरा थांबून, "भाऊंनी जबाब दिलाच आहे. छत्तीसच्या जागी सदतीस लिहिलं की..."

"हो मॅडम!" मी ओरडलोच. "काकांची बी मीनंच मारली! पेन बदललं होतं!"

"चूप बस बे," काका म्हणाले. मग मॅडमना म्हणाले, "हे टिक माही हाये. वाचून मारली."

"मग तुमचे पैसे परत येणार नाहीत, काका."

"नाहीच याले पाह्यजे."

बाहेर आलो. लोक पांगले, जाताना कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. बँकेच्या पायरीवर मी आणि काका उरलो.

"काका, तुमी समदं वाचलं होतं. मंग सही काऊन केली?"

काका थोडे लाजले. त्यांना लाजताना मी तेव्हाच पाहिलं. "चारदा फुकट होतं ना. ठरोलं होतं, महिन्यातून चारदाच जाईन." पायरीवरून उतरता उतरता म्हणाले, "नाही राह्यवलं."

मला हसूही आलं आणि रागही आला. स्वतःवर येणारा राग दुसऱ्यावर काढायची माझी जुनी सवय. मी म्हणालो, "अन वाचलं होतं तं बाकीच्याइले सांगाचं तरी!"

काका थांबले.

"मी समोरून पाहो रोज," ते म्हणाले. "लोक येत, तू काहीतरी बोले, मंग थे सही करत. मले वाटलं, तू वाचून दाखवून राह्यला त्याइले. रस्ता ओलांडून एकडाव इचाराले पाह्यजे होतं मीनं. साऱ्या दुनियेले इचारतो, तुलेच नाही इचारलं. म्हनून थे पैसे जाऊ दे. बरोबर गेले."

मी खिशातून पाकीट काढलं. "किती कापले तुमचे?"

"चारशे तेरा."

मी नोटा पुढे केल्या. त्यांनी हात मागे घेतला. मी हटून बसलो. म्हणालो, घेतले नाहीत तर मी इथेच पायरीवर बसून राहीन. काकांनी जरा विचार केला.

"अर्धे दे. वाचलं नाही थे तुहं. इचारलं नाही थे माहं."

मी हिशेब केला. "दोनशे साडेसहा. आठ आणे आता कुठी भेटतात काका? दोनशे सात घ्या."

"दोनशे सहाच दे," काका म्हणाले. "वरचा रुपया माह्याकडं लाव. तुह्यापेक्षा मोठा हाओ मी."